कीबोर्ड तिच्याच हातात राहू द्या

ऑफिसमधल्या ज्युनियर मुली, कॉलेजच्या मैत्रिणी, कधी एखाद्या निवृत्त शिक्षिका मला विचारतात, ‘मलाही मुलींना कॉम्प्युटर शिकवायला यायचंय, सुरुवात कुठून करू?’ मी खराडीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. बरीच वर्षं शनिवारी दुपारी वारज्यातल्या एका अभ्यासिकेत आठवी ते बारावीच्या मुलींना शिकवते. नव्याने येणाऱ्या तायांना उपयोगी पडेल असं त्यातलं जे आहे, ते इथे लिहिते आहे.

अभ्यासक्रमाचा विचार नंतर करा. आधी मुली मशीनसमोर कशा बसल्यात ते बघा. मशीन कमी आणि मुली जास्त, हे जवळपास सगळीकडे असतं. एका मशीनवर तिघी बसल्या की जिच्या घरी लॅपटॉप आहे तिच्या हातात माउस जातो, दुसरी तिला सूचना देते आणि तिसरी वहीत उतरवून घेते. वर्षाच्या शेवटी त्या तिसरीची वही सुंदर असते, पण कॉम्प्युटर तिला येत नसतो. मुलं-मुली एकत्र असतील तर ही तिसरी जागा मुलीच्याच वाट्याला येते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वर्गात शिरल्यावर माझी नजर आधी तिकडेच जाते. आमच्याकडे नियम आहे: फोनवर पंधरा मिनिटांचा टायमर, तो वाजला की खुर्च्या बदलायच्या. आणि शिकवणाऱ्या ताईने कीबोर्डला हात लावायचा नाही. कितीही राहवलं नाही तरी नाही. तुम्ही दोन सेकंदात जे दुरुस्त कराल ते ती दहा मिनिटांत करेल, आणि त्या दहा मिनिटांसाठीच आपण तिथे जातो.

गेल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साताचा पाढा छापणारा प्रोग्रॅम लिहीत होती. ‘फॉर’च्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या ओळीच्या शेवटी कोलन (:) द्यायचं राहिलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. तिने स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघितलं. ‘ताई, बिघडलं.’ मी म्हटलं, ‘शेवटची ओळ वाच.’ तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं: सिंटॅक्स एरर, एक्स्पेक्टेड कोलन. ‘कितव्या ओळीत म्हणतंय?’ ‘पहिल्या.’ ‘खूण कुठे दाखवलीये?’ ‘शेवटाला.’ मग थोडा वेळ शांतता. तिने कोलन टाकलं, पाढा आला, पण त्रेसष्टवर थांबला. ‘सात दाहे सत्तर कुठंय?’ हे तिने स्वतःच विचारलं. रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं त्या जागी, एक ते दहा लिहिलं होतं, आणि पायथन शेवटचा आकडा धरत नाही. ते मी सांगितलं नाही. तिने दहाचे अकरा केले, सत्तर आले, मग बारा करून बघितले, सत्त्याहत्तर आले. नियम तिचा तिला सापडला. त्यानंतर लाल अक्षरं आली की ती आधी शेवटची ओळ वाचते. माझ्या मते पहिल्या तीन महिन्यांत मुलींना एवढं जरी जमलं तरी पुष्कळ झालं.

मराठी माध्यमाच्या मुलींना समजावायचं ते मराठीतच समजवा. व्हेरिएबल, लूप, फंक्शन हे शब्द तसेच ठेवा. पुढे पुस्तकात आणि मुलाखतीत तेच भेटतात. उदाहरणं मात्र तिच्या घरातली हवीत. मी सुरुवात पायथनने करतच नाही, स्प्रेडशीटने, म्हणजे आपोआप बेरीज करणाऱ्या रकान्यांच्या तक्त्याने करते, आणि यावर माझं कुणाशी एकमत झालं नाही तरी चालेल. एका मुलीची आई ब्लाउज शिवते. मुलीने नाव, माप, शिलाई, जमा आणि बाकी असे रकाने केले, खाली बेरीज लावली आणि आईला उधारीचा आकडा दाखवला. आईला तो अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. त्या दिवसापासून शनिवारच्या क्लासला घरातून कधी नकार आला नाही.

आणि घर हाच सगळ्यात अवघड भाग आहे. फोन एकच असतो आणि तो भावाकडे असतो. संध्याकाळी स्वयंपाक, सकाळी पाणी भरणं, सुट्टीच्या दिवशी धाकट्याला सांभाळणं हे मुलीकडेच. म्हणून वेळ ठरवताना तुमच्या सोयीची ठरवू नका, दोन-तीन आयांना विचारा. आमच्याकडे दुपारी तीन ते पाच ही वेळ अशीच ठरली. अंधार पडायच्या आत मुलगी घरी असते.

मुलगी दोन शनिवार आली नाही की घरी जाऊन या. ‘काकू, येते हं,’ म्हणून चहा घ्या, पण क्लासचा विषय लगेच काढू नका. काकांना बोलू द्या. त्यांचे प्रश्न खरे असतात: हिंजवडीहून रात्री पोरगी घरी येणार कशी? या कामात नेमकं करतात काय? एवढं शिकवून लग्नानंतर नोकरी करू देतील का? याला भाषण देऊन उपयोग नाही. रात्री उशिरापर्यंत काम असेल तर बऱ्याच कंपन्या गाडीची सोय करतात आणि मुलाखतीतच तसं विचारता येतं, हे सांगा. तुम्ही स्वतः दिवसभरात काय करता ते साध्या शब्दांत सांगा. शक्य असेल तर एकदा आई-वडिलांना तुमच्या ऑफिसच्या गेटपर्यंत तरी घेऊन जा. परवानगी मिळाली तर कँटीनमध्ये बसवा. तिथे काम करणाऱ्या बायका डोळ्यांनी दिसल्या की पुढचं बोलणं सोपं होतं.

पुण्यात आपल्या पाठीशी केवढी शिदोरी आहे, हेही मुलींना कळू द्या. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात 1848 मध्ये मुलींची शाळा काढली हे त्यांना पाठ असतं, पण तो वाडा बुधवार पेठेत होता, आपण बसने जातो त्याच रस्त्यावर, हे लक्षात आलं की चेहरे बदलतात. वारज्याला लागून कर्वेनगर आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, त्यातून वाढलेल्या संस्थेचं मुलींसाठीचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय 1991 पासून तिथे आहे. आणि 1974 ची गोष्ट मी दरवर्षी सांगते. पुण्यातल्या टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, इंजिनीअर भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एम.टेक. करणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. ‘ताई, आपण पण लिहू शकतो का असं?’ असं एकीने विचारलं होतं. त्याच दिवशी आम्ही अर्ज कसा लिहायचा हे शिकवलं.

जमलं तर एकदा शिरूर तालुक्यातल्या पाबळला सहल न्या. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर आखलेल्या वस्तू यंत्रांनी बनवायची कार्यशाळा, 2002 मध्ये तिथेच झाली. वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, शेतीसाठीची उपकरणं हे सगळं मुली तिथे हाताने करताना दिसतात. ज्यांना स्क्रीनसमोर बसवत नाही त्यांच्यासाठी ती वाट मोकळी होते.

आता दहावी-बारावीचं. इथे शिकवण्यापेक्षा कागदांचं काम मोठं आहे, आणि गुण असूनही मुली जिथे गळतात ती जागा हीच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे कितीतरी घरांना माहीत नसतं. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून इंजिनीअरिंग, नाहीतर बीसीएस ही कॉम्प्युटरची विज्ञान पदवी. बीसीए या कॉम्प्युटरच्याच दुसऱ्या पदवीला 2024 पासून सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागू झाली. बारावीचे गुण पुरतील असं समजून बसलेल्या मुलींचे अर्ज तेव्हा राहून गेले. फीची भीती सगळ्यांनाच असते. राज्य सरकारने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सरकारी गुणवत्ता यादीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. ही एक ओळ वेळेवर सांगितल्याने एका घराचं कर्ज वाचलेलं मी पाहिलंय. शिवाय एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे: पदवी किंवा डिप्लोमाच्या मुलींना वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा तीच 8 लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दोन्हीकडे अर्ज भरण्याआधी त्या वर्षाची नियमावली वाचा, कारण एक लाभ घेतला की दुसरा बंद, अशी अट असू शकते.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तिथे जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर आणि जात पडताळणी हे निकालानंतर काढायला गेलात तर सेतू या सरकारी दाखला केंद्रात रांग असते आणि पडताळणीला महिने लागतात. आम्ही अकरावीच्या दिवाळीतच प्रत्येकीची फाइल उघडतो. मुलीच्या नावाचं बँक खातं, त्याला आधार जोडलेलं, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच. हे शेवटचं आधी तपासा.

याच दिवसांत ‘कोर्स करा, शंभर टक्के नोकरी’ असं म्हणणारे क्लासवाले घरी फोन करतात. आमच्या एका मुलीच्या वडिलांनी अशा ठिकाणी हप्त्यांवर मोठी रक्कम भरली. क्लास अर्ध्यात बंद झाला, हप्ते मात्र चालू राहिले. पैसे भरण्याआधी करार वाचून घ्या, कर्ज कुणाच्या नावावर निघतंय ते विचारा, आणि मागच्या बॅचच्या दोन मुलींशी स्वतः बोला. स्वयम या सरकारी संकेतस्थळावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले, कोर्स फुकट शिकता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच फी भरावी लागते. पदवीनंतर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पदविका अभ्यासक्रम हवा असेल तर त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे, आणि त्याची तयारी शेवटच्या वर्षातच सुरू करावी लागते.

कॉलेजात गेलेल्या मुलीचा हात सोडू नका. अभ्यासिकेतून बाहेर पडली की ताईचं काम संपलं असं अनेकींना वाटतं, पण मला वाटतं खरी गरज तेव्हाच असते. हॅकेथॉन, म्हणजे गटाने प्रोग्रॅम बनवायची स्पर्धा, रात्रभर चालते आणि हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं, त्यामुळे मुलींचे गट बनतच नाहीत. अशा वेळी तिला घरबसल्या करता येईल असं काम दाखवा. मुक्त स्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पांमध्ये, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता आणि सुधारता येतो त्यांत, वापराची माहितीपत्रकं सुधारण्यापासून सुरुवात करता येते. ‘आउटरीची’ (Outreachy) नावाची इंटर्नशिप अशाच प्रकल्पांत, घरून, तीन महिन्यांची असते आणि मानधन 7,000 डॉलर. तिची सुरुवात ग्नोम या मुक्त स्रोत प्रकल्पात बायकांचा सहभाग वाढवण्यासाठी झाली होती. निवड होण्याआधी प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. निवड नाही झाली तरी ते काम तिच्या नावावर गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर राहतं आणि मुलाखतीत दाखवता येतं.

मुलाखतीचा सराव घ्या. इंग्रजी अडलं तर आधी मराठीत उत्तर मांडायला लावा, मग तेच छोट्या वाक्यांत इंग्रजीत. ‘आम्ही प्रोजेक्ट केलं’ म्हणाली की ‘त्यातलं तू काय केलंस?’ हे विचारत राहा. मुली स्वतःचं काम सगळ्यांमध्ये वाटून टाकतात. आणि तुमच्या कंपनीत जागा निघाली तर तिचं नाव पुढे करा. मॅनेजरसमोर ‘या मुलीचं काम मी पाहिलंय’ हे तुम्ही म्हणणं तिच्या दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

सुरक्षिततेबद्दल कडक राहा. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत. पालकांची लेखी संमती घ्या. अठराखालच्या मुलीशी खासगी मेसेजवर बोलायचं नाही, जे काय ते आईलाही दिसेल अशा गटात. मुलींचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, देणगीदाराने मागितले तरी.

यायचं ठरवलंत तर एका शैक्षणिक वर्षासाठी या. एक दिवसाच्या कार्यशाळेने टी-शर्ट आणि फोटो मिळतात, पण मुलीची शंका सोमवारी येते आणि तेव्हा कुणी नसतं. दर शनिवार जमत नसेल तर दोघींनी मिळून आलटून पालटून वर्ग वाटून घ्या. जून-जुलैत सुरू करा, मार्चमध्ये परीक्षांसाठी थांबा. जागेसाठी जवळच्या वाचनालयाच्या किंवा अभ्यासिकेच्या व्यवस्थापकांना भेटा. दुपारी त्यांची खोली बहुधा रिकामी असते. ऑफिसमधून बाद होणारे लॅपटॉप मागून घ्या, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाका. पहिल्या दिवशी एक्स्टेंशन बोर्ड न्या आणि पायथनचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर ठेवा, कारण तिथल्या वायफायचा भरवसा नसतो. आणि आमच्याकडेच यायचं असेल तर अकरावीच्या मुलींच्या फाइली तपासायला या दिवाळीआधी दोन तायांची गरज आहे.