कॉलेजचा क्वार्टरबॅक एनएफएलसाठी कसा पारखायचा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायचे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी २०२१च्या ड्राफ्टमध्ये ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, तिसऱ्या क्रमांकावर उचलला. त्यासाठी मायामीच्या संघाला स्वतःची निवडीची बारावी जागा आणि वर पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या जागाही दिल्या. त्याच संघाने पुढच्याच वर्षी ड्राफ्ट संपता संपता, २६२व्या म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर, ब्रॉक पर्डी हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. फेब्रुवारी २०२४चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, पर्डी खेळला. लान्सला तोवर चौथ्या फेरीतल्या एका जागेच्या बदल्यात डॅलसला पाठवून झालं होतं.

ज्यांचं पोट या कामावर चालतं त्यांचे अंदाज असे चुकतात, तर आपण घरी बसून काय पारखणार? पण अनेक फसलेल्या निवडींत एक गोष्ट सारखी दिसते. पोरगा काय करू शकतो हे सगळ्यांनी बघितलं, आणि ठरवलेलं बिनसल्यावर तो काय करतो याकडे कमी लक्ष दिलं. ते बघायला स्काउटच (संघासाठी खेळाडू हेरणारा) असायला हवं असं नाही. थोडी चिकाटी आणि एक वही पुरते.

आधी सामने निवडा

हायलाइट्स बघू नका. दहा मिनिटांच्या व्हिडिओत प्रत्येक क्वार्टरबॅक देखणाच दिसतो. त्याऐवजी एकेका खेळाडूचे चार-पाच पूर्ण सामने घ्या: मोसमातल्या सगळ्यात तगड्या बचावाविरुद्धचा एक, हरलेला एक, परक्या मैदानावरचा एक आणि आदल्या वर्षीचा एक. हरलेला सामना तर सोडूच नका, त्यात सगळ्यात जास्त कळतं.

टीव्हीच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे लांब गेलेले रिसीव्हर (पास झेलणारे) चौकटीबाहेर राहतात. बाविसाच्या बावीस खेळाडू दिसतील असं वरून घेतलेलं चित्रण मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तरी क्वार्टरबॅकचे पाय, खांदे आणि हेल्मेट टीव्हीवर नीट दिसतात.

एकच डाव तीनदा बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली प्रत्येक म्हणजे एक डाऊन. समजा, तिसरा डाऊन आहे आणि आठ यार्ड हवेत. बचावालाही माहीत आहे की आता चेंडू फेकला जाणार. अशा डावांवरच क्वार्टरबॅकची नोकरी टिकते किंवा जाते.

स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, आधी चित्र थांबवा. मागे किती सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) उभे आहेत? दोन. आता सोडा. स्नॅप होताच त्यातला एक झपकन खाली उतरून मैदानाच्या मध्यावर येतो. दाखवलं एक, खेळले दुसरंच. अशा वेळी क्वार्टरबॅकचं हेल्मेट बघा. ते पहिल्याच रिसीव्हरवर खिळून राहिलं, तर त्याने बचावाची हालचाल टिपलेलीच नाही. ते दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे वळलं, तर तो वाचतो आहे.

दुसऱ्यांदा बघताना फक्त पाय बघा. हेल्मेट वळतं तसे पाय वळतात का? बाजूने रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) अंगावर आला की तो एक पाऊल पुढे, पॉकेटमध्ये (सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती राखलेल्या जागेत) सरकतो, की मागच्या मागे पळ काढतो? कॉलेजमध्ये मागे पळूनही निभावतं, कारण समोरच्या अकरांतले बरेच जण पुढे व्यावसायिक खेळाडू होणार नसतात. एनएफएलमध्ये बचावफळीतली १२० किलोची माणसंसुद्धा त्याच्यामागे धावतात आणि गाठतात.

तिसऱ्यांदा बघायचं ते चेंडू हातातून सुटण्याचं टायमिंग. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू निघाला का, की तो मोकळा झालेला दिसल्यावर? कॉलेजमध्ये मोकळा दिसेपर्यंत थांबलं तरी चालतं. एनएफएलमध्ये ‘दिसला’ म्हणेपर्यंत कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) पोहोचलेला असतो.

डावाचा निकाल सगळ्यात शेवटी लिहा. वहीत दोन रकाने करा, एक निर्णयाचा आणि एक फेकीचा. दोन बचावपटूंच्या मधोमध फेकलेला चेंडू नशिबाने झेलला गेला आणि टचडाऊन झालं, तरी निर्णयाच्या रकान्यात फुली. अचूक फेकलेला चेंडू रिसीव्हरच्या हातातून उसळून इंटरसेप्शन झालं, म्हणजे बचावपटूने झेलला, तरी दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण. शंभरेक डाव असे लिहिलेत की तुमची वही आणि वर्तमानपत्रातले आकडे वेगवेगळं बोलायला लागतात. तशा वेळी मी वहीवर विश्वास ठेवतो.

कॉलेजच्या नियमांची सूट वजा करा

खेळ एकच असला तरी नियम थोडे वेगळे आहेत, आणि हा फरक बरेच चाहते विसरतात. काही डावांत क्वार्टरबॅक स्नॅपनंतर ठरवतो, चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की फेकायचा. अशा वेळी कॉलेजमध्ये पुढच्या फळीतले ब्लॉकर (बचावाला अडवणारे) तीन यार्ड पुढे गेलेले चालतात. एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्या दोन यार्डांमुळे कॉलेजमधला बचाव गोंधळतो आणि क्वार्टरबॅकचं काम सोपं होतं. म्हणून असे डाव आणि स्नॅपच्या रेषेमागेच दिलेले आखूड स्क्रीन पास बाजूला काढून अचूकतेची, म्हणजे झेलल्या गेलेल्या पासांची, टक्केवारी पुन्हा मोजा. ७० टक्केवाला कधी कधी बराच खाली येतो.

हॅश मार्कचंही तसंच. प्रत्येक डाव या दोन रेषांवर किंवा त्यांच्यामध्ये चेंडू ठेवून सुरू होतो. कॉलेजच्या मैदानावर त्या दोन रेषांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका कडेच्या हॅशवर असताना पलीकडच्या सीमारेषेजवळ फेकायचा असेल, तर तो हवेत फार वेळ राहतो. हा पास सपाट आणि वेळेत पोहोचतो का ते बघा. हाताची ताकद मोजायला ६० यार्डांच्या उंच फेकीपेक्षा हा पास जास्त उपयोगी.

सोबत कोण होतं?

पाटा खेळपट्टीवरच्या द्विशतकाला आपण जेवढं महत्त्व देतो, तेवढंच महत्त्व भारी संघातल्या क्वार्टरबॅकच्या आकड्यांना द्यावं. २०१९मध्ये अलाबामाच्या तुआ टागोवायलोआकडे जेरी ज्युडी, हेन्री रग्ज, डिव्हॉन्टा स्मिथ आणि जेलन वॉडल असे चार रिसीव्हर होते. चौघेही पुढे पहिल्या फेरीत गेले.

पण नुसतं एवढ्यावर कुणाला खोडून काढू नका. त्याच वर्षी एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) जो बरोकडे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन होते, आणि बरो खराच निघाला. फरक शोधायचा तो पॉकेट मोडल्यानंतरच्या डावांत. दबाव आलेले सगळे डाव मोजा आणि त्यातल्या कितींचा शेवट सॅकमध्ये, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाण्यात, झाला ते बघा. सॅक झाला की लोक ब्लॉकरना शिव्या देतात. पण चेंडू फार वेळ धरून ठेवायची खोड क्वार्टरबॅकची स्वतःची असते, आणि ती त्याच्यासोबत एनएफएलमध्ये येते.

अनुभव मोजा, अपवादांपासून सावध राहा

मिचेल ट्रुबिस्कीने नॉर्थ कॅरोलायनासाठी सुरुवातीपासून फक्त १३ सामने खेळले होते. शिकागोने २०१७मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि पॅट्रिक महोम्स दहाव्यावर गेला. लान्सने कॉलेजमध्ये जेमतेम ३१८ पास फेकले होते. पर्डी आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळला. थोडके सामने म्हणजे पोरगा वाईट असं नाही. तुमच्याकडे पुरावा कमी आहे, एवढंच. पुरावा कमी असेल तर भावही कमी द्यावा.

इथे हमखास कुणीतरी जॉश ॲलनचं नाव काढतो. वायोमिंगमध्ये त्याची अचूकता ५६ टक्क्यांच्या आसपास होती, तरी २०१८मध्ये बफेलोने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि २०२४च्या मोसमाचा तो एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला. खरं आहे. पण तेव्हापासून हात दणकट आणि नेम कच्चा असलेला प्रत्येक पोरगा ‘पुढचा ॲलन’ म्हणून विकला जातो. अँथनी रिचर्डसनने फ्लोरिडासाठी १३ सामन्यांत सुरुवात केली, शेवटच्या वर्षी अचूकता ५३.८ टक्के. इंडियानापोलिसने २०२३मध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, आणि दुसऱ्याच मोसमात त्याला बाकावर बसवायची वेळ आली.

बरोचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. २०१८मध्ये अचूकता ५७.८ टक्के, २०१९मध्ये ७६.३. एवढी मोठी उडी दिसली की दोन्ही वर्षांचे सामने शेजारी शेजारी लावून बघा. योजना बदलली, की पोरगा बदलला?

फूटपट्टी आणि घड्याळ

याला फार वेळ देऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन भरतं. तिथे उंची, वजन, तळहात, ४० यार्डांची धाव, सगळं मोजतात. टॉम ब्रेडीने ते अंतर ५.२८ सेकंदांत कापलं आणि तो १९९वा निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. रसेल विल्सन पाच फूट अकरा इंच. केनी पिकेटच्या साडेआठ इंची तळहातावर २०२२मध्ये आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. सी. जे. स्ट्राउडच्या एका आकलन-चाचणीचे वाईट गुण ड्राफ्टच्या तोंडावर फुटले, आणि त्याच मोसमात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. बेताच्या उंचीच्या मुलांच्या बाबतीत एकच तपासा: पुढच्या फळीत किती चेंडू अडवले गेले आणि मैदानाच्या मधल्या भागात तो फेकतो की टाळतो.

प्रो डे, म्हणजे कॉलेजनेच स्काउटांसमोर भरवलेली चाचणी, तर निव्वळ प्रदर्शन. समोर बचावच नसतो. झॅक विल्सनने २०२१मध्ये बीवाययूच्या (ब्रिगहम यंग विद्यापीठ) प्रो डेला डावीकडे पळत पळत, अंगाविरुद्ध, लांबच्या लांब चेंडू टाकला आणि सगळीकडे तोच व्हिडिओ फिरला. न्यू यॉर्क जेट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पुढे काय झालं ते जेट्सचे चाहते सांगतील. विचारताना जरा जपून.

भाव आणि घर

शेवटी ‘चांगला की वाईट’ एवढंच लिहून थांबू नका. कितव्या क्रमांकाला परवडेल ते लिहा. २०१०मध्ये पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. २०११मध्ये नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली आणि कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हापासून चुकीच्या निवडीत पैशापेक्षा वर्षं जास्त वाया जातात, म्हणून संघ आता जुगार लवकर खेळतात. २०२४मध्ये पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते.

घरही लिहा, म्हणजे कसा संघ मिळाला तर तो टिकेल ते. ग्रीन बेने जॉर्डन लव्हला २०२०मध्ये २६वा घेतला आणि ॲरन रॉजर्समागे तीन वर्षं बसवलं. तोच मुलगा मोडक्या फळीच्या संघात पहिल्या रविवारपासून उभा राहिला असता, तर आपण त्याच्याबद्दल वेगळंच बोललो असतो. तुमच्या नोंदीत हे येऊ द्या: ‘दुसरी फेरी. एक वर्ष थांबवा. पहिला रीड (आधी बघायचा रिसीव्हर) बंद झाला की गडबडतो, पण पॉकेटमध्ये पुढे सरकतो.’ खाली तारीख टाका. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय असतो आणि संघाला त्याचा निर्णय तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्यात घ्यावा लागतो. त्याच महिन्यात तुमची वही पुन्हा उघडा.