पुतळा बंद पडला तर आधी ऑपरेटरला झापू नका

हलता देखावा मध्येच थांबला की मंडळात पहिलं वाक्य ठरलेलं, "पोट्ट्यानं ग्रीस मारलं नसन." थांबा ना भाऊ. चूक बनवणाऱ्याची की निगा ठेवणाऱ्याची हे तुटलेला पार्टच सांगते, फक्त तो भंगारात टाकायचा नाही अन् त्यावर लगेच वेल्डिंग तर अजिबात मारायचं नाही.

मेन स्विच बंद करा, वर उचललेल्या हाताला टेकू द्या, कारण हवेवर चालणारा हात प्रेशर गेलं की धाडकन खाली येते. मग तुकडा उजेडात न्या. इथे नागपुरातच एका मंडळात हनुमानाचा गदेवाला हात खांद्यातून तीनदा तुटला, तिन्ही वेळा वेल्डिंगच्या कडेलाच, अन् बोलणी खाल्ली ऑपरेटर पोरानं, याचं मला आजही वाईट वाटते. तुटलेल्या तोंडाचा पाऊण भाग गुळगुळीत, तांबूस, त्यावर शिंपल्यावर असतात तशा गोल रेघा, अन् बोटभर जागा चकचकीत, खरबरीत. म्हणजे चीर बऱ्याच दिवसांपासून पुढे सरकत होती, उरलेलं शेवटी एकदम गेलं. मिनिटाला 10 वेळा हात, रोज 6 तास, म्हणजे 3600 झटके, दहा दिवसांत 36,000. करमणुकीच्या पार्कमध्ये हाच हात रोज 10 तास वर्षभर चालला तर जवळपास 22 लाख! खांद्याला पट्टीचा आधार लावला, गदा पोकळ फायबरची केली, मग टिकला.

नवीन पार्ट टाकूनही त्याच जागी तुटलं तर डिझाइनवर संशय घ्या. आवाज हळूहळू वाढत गेला, हालचाल अडखळायला लागली, तर निगा बघा, म्हणजे कोरडं बेअरिंग, झिजलेला बुश (फिरत्या दांड्याभोवतीची नळी), कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी (पावसाळ्यात ते रोज काढाच). लेटेक्सची, म्हणजे पातळ रबराची, कातडी आपल्या मे महिन्याच्या उन्हात ओठाजवळ फाटतेच, मग पुतळा उन्हातच ठेवायचा हे आधी ठरलं होतं का ते विचारा. ठरलं असन तर चूक लेटेक्स निवडणाऱ्याची.

सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे जिथे हातच पोचत नाही. ग्रीस मारायला अख्खी छाती उघडावी लागत असन तर कोण मारणार? निगा ठेवली नाही असं कागदावर लिहिता येते, पण जागा बनवणाऱ्यानंच बुजवली ना. फ्लोरिडात डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये 2006 साली एक्सपिडिशन एव्हरेस्ट राइड सुरू झाली, त्यातला सुमारे 25 फुटी यती (हिममानवाचा हलता पुतळा) काही महिन्यांतच हलायचा थांबला, तेव्हापासून लुकलुकत्या लाइटवर भागवलं. दोष आधाराच्या रचनेत असल्याचं सांगतात, अन् तिथपर्यंत पोचायचं तर भोवतीचा डोंगरच आडवा येते. तिथे रोज ग्रीस मारून काय होणार होतं?

नवा पुतळा घेताना कारागिराला म्हणा, कातडी न काढता ग्रीसच्या सगळ्या जागा बोट लावून दाखव. जी दाखवता येणार नाही तिथे झाकण कापून घ्या, उरलेले पैसे त्यानंतरच द्या.