व्हिएन्नातले पहिले दिवस: झोप पुण्याची, घड्याळ तिथलं

उन्हाळ्यात व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, म्हणून हा फरक. साडेतीन तास म्हणजे काही अमेरिका नव्हे. तरीही आपल्याकडची जोडपी तिथे उतरल्यावर दोन दिवस डोळे चोळत हिंडतात आणि सगळं खापर जेट लॅगवर फोडतात. खरं तर निम्मी झोप आपण द्रुतगती मार्गावरच घालवलेली असते. विमान रात्री दोन-तीनचं, म्हणून टॅक्सी संध्याकाळी सहाला दारात. मग घाट, मग मुंबईचा ट्रॅफिक, मग विमानतळावर चार तास ताटकळणं.

तेव्हा ही दोन दुखणी आहेत हे आधी ध्यानात घ्या. थकवा झोपेने जातो आणि शरीराचं घड्याळ उजेडाने सरकतं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

थकव्याची सोय पुण्यातच करायची. निघायच्या दिवशी दुपारी पडदे ओढून तासभर तरी झोपा. त्या दुपारी बॅगा भरायच्या नाहीत, त्या आदल्या दिवशीच भरून झालेल्या हव्यात. शेवटच्या तीन-चार रात्री रोज अर्धा-पाऊण तास उशिरा झोपा आणि उशिरा उठा. कोथरूडमध्ये हे सोपं नाही, सातला बेल वाजतेच. पण पश्चिमेला जाताना घड्याळ मागे न्यायचं असतं आणि ते शरीराला तुलनेने सोपं जातं. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांबच चालतं.

सामानात आंबे, पेढे, श्रीखंड, तूप काही नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि केळी, नारळ, अननस असे थोडे अपवाद सोडले तर ताज्या फळांनाही सरकारी प्रमाणपत्र लागतं. बाकरवडी, खाकरा, कोरडे पोहे, मेतकूट बिनधास्त न्या. छोटी किटली घ्याच, कारण तिथल्या बऱ्याच हॉटेलांच्या खोलीत ती नसते. आपली बारीक दोन पिनांची वायर तिथे चालते, तीन पिनांची जाड चालत नाही. किटली कशाला, ते पहाटे तीनला कळेल. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. बीपीची किंवा थायरॉइडची गोळी तिथल्या वेळेवर कशी आणायची ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. यांची गोळी सकाळी सातची. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मी ते डब्यावर चिकटवून टाकलं.

विमानतळावरून शहरात जायला सोळा मिनिटांची एक खास गाडी आहे, तिच्या जाहिराती सगळीकडे दिसतील. तिच्याकडे बघायचं नाही. एस-७ नावाची लोकल, ती खास गाडी जाते त्याच वीन मिट्टे स्टेशनला पंचवीसेक मिनिटांत पोचवते आणि बरीच स्वस्त पडते. खोली साधारण तीनला मिळते. त्याआधी पोचलात तर बॅगा हॉटेलात ठेवून बाहेर पडा. खोली लगेच मिळाली तर अंघोळ करून पाऊण तास झोपा, गजर लावून. पाऊण तासाचे तीन तास झाले तर रात्रीची वाट लागते.

पहिल्या दुपारी लोक हमखास रिंगच्या ट्रॅममध्ये बसतात. जुन्या तटबंदीच्या जागी केलेला साडेपाच किलोमीटरच्या आतबाहेरचा हा रस्ता, त्यावर ऑपेरा, पार्लमेंट, टाउन हॉल ओळीने उभे. पण ऊबदार ट्रॅम, मऊ हेलकावे, खिडकीतून ऊन. पार्लमेंट येईपर्यंत दोघंही घोरत असणार. त्यातून पूर्ण फेरी एका ट्रॅमने होत नाही, मधे बदलावी लागते. पहिल्या दिवशी रिंगवर चालाच. दमलात की फोल्क्सगार्टनमध्ये गुलाबांपाशी बसा. जूनमध्ये ते ऐन बहरात असतात.

मुख्य काम संध्याकाळचं. व्हिएन्नात सात वाजतात तेव्हा आपलं शरीर साडेदहा म्हणतं आणि पाय हॉटेलकडे वळतात. वळू द्यायचे नाहीत. संध्याकाळचा उजेड डोळ्यांत गेला की घड्याळ मागे सरकतं, आणि जूनमध्ये तिथे नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे औषध फुकट आहे. प्राटर नावाच्या मोठ्या बागेत जा. १८९७ सालचा मोठा आकाशपाळणा तिथेच आहे, आणि शेजारून हाउप्टआले नावाचा चेस्टनटच्या झाडांचा सरळसोट रस्ता चार किलोमीटरच्या वर जातो. मोटारी नाहीत. पर्वतीला किंवा तळजाईला रोज फिरणाऱ्या माणसाला अशी वाट मिळाली की तो झोप विसरतो. जेवण मात्र साडेसहालाच आणि हलकं, कारण पोटाच्या मते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट पाठच करून जावी. फ्रिटाटेनझुप्पे नावाचं सूप निरागस दिसतं, वरून धिरड्याच्या पट्ट्या तरंगत असतात. खालचं पाणी गोमांसाचं असतं. केझेश्पेट्झ्ले, म्हणजे चीजमधल्या पिठाच्या गुठळ्या, बहुधा बिनमांसाच्या असतात, पण वर काय घातलंय ते विचारा. अंडं त्यात असतंच. पाणी विकत घेऊ नका. नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. कॉफीबरोबरही पाण्याचा पेला येतो, आणि एका कॉफीवर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. फक्त दुपारी दोननंतर कॉफी नको. निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं.

आता पहाट. पहाटे तीनला डोळे टक्क उघडतील, कारण पुण्यात साडेसहा. पण त्याच्याही आधी, दोन वाजताच, सोसायटीच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ सुरू झालेली असते. आपल्याकडे साडेपाच झालेले असतात ना! गुलाबाचं फूल, सुविचार, बी विंगमध्ये आज पाणी नाही. झोपण्यापूर्वी फोन बंद करा, निदान मुका तरी करा. जाग आलीच तर मोठा दिवा लावू नका, पुण्याला फोन करू नका (सगळे उठलेले असतात, तोच तर मोह आहे). अर्धा तास पडून राहा. नाहीच झोप लागली तर किटली.

मग चहा पिऊन साडेपाचला बाहेर पडा. याच एका वेळेत आपली झोपमोड फायद्याची ठरते. श्टेफान्सडोम, म्हणजे शहराचं मुख्य कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी सहाला उघडतं. दिवसा जिथे खांद्याला खांदा लागतो तिथे तेव्हा झाडलोट करणारी गाडी आणि तुम्ही. चौकात उलटं चालत मागे जा, म्हणजे छपराची नक्षी दिसेल: पिवळ्या, हिरव्या, काळ्या, पांढऱ्या चकाकत्या कौलांची नागमोडी. खालून बघताना मान दुखते, पण त्या वेळी मधे कुणाचं डोकं येत नाही. दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, पर्वतीच्या तिपटीहून जास्त आणि गोल गोल. अर्धवट झोपेत त्या चढू नयेत, त्या तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. दुसरी पहाट शोनब्रुनला. महाल आठ-साडेआठनंतर उघडतो, बाग मात्र साडेसहाला, तीही विनातिकीट. टेकडीवरच्या ग्लोरिएट नावाच्या कमानदार मंडपापर्यंत चढून गेलं की खाली महाल आणि पलीकडे सगळं शहर. धावणारे चार लोक सोडले तर सामसूम.

पहाटेचं ऊन मात्र घड्याळ उलट्या दिशेला ढकलतं. तेव्हा आठपर्यंत गॉगल किंवा टोपी. सकाळी सहाला गॉगल लावून फिरायला हे तयार नव्हते. “लोक काय म्हणतील?” “अहो, तिथे आपल्याला ओळखतंय कोण?” मग लावला.

खरी गंमत साडेनऊला. पुण्यात तेव्हा दुपारचा एक वाजतो, आणि एक ते चार आपण काय करतो हे जगाला माहीत आहे. व्हिएन्नातले साडेनऊ ते साडेबारा म्हणजे आपली वामकुक्षी. बहुतेक लोक नेमकं याच वेळी तिकीट काढून म्युझियममध्ये शिरतात आणि मग मखमली बाकावर माना टाकतात. त्या तीन तासांत नाश्ता करा, नाशमार्क्टच्या बाजारात हिंडा (रविवारी बंद), हवं तर हॉटेलवर येऊन पंचवीस मिनिटं पडा. म्युझियमला अडीचला जा. तिथले अडीच ते साडेपाच म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे सहा ते नऊ, डोकं सगळ्यात जागं असण्याची वेळ. कुन्स्टहिस्टोरिशेस या कलेच्या म्युझियममध्ये ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराची बारा चित्रं आहेत, एवढी जगात दुसरीकडे कुठे एकत्र नाहीत. १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र शोधा. पाठमोरे दमलेले शिकारी, माना खाली घातलेली कुत्री, हाताला लागलेला एकच कोल्हा, आणि खाली दूर गोठलेल्या तळ्यावर मुंगीएवढी माणसं खेळतायत. त्या माणसांतला पडलेला कोण, हे शोधत आम्ही बराच वेळ उभे होतो. झोपाळलेल्या डोळ्यांना त्यातलं काहीच दिसलं नसतं. सोमवारी हे म्युझियम बंद असतं, जून ते ऑगस्ट सोडून.

दोघांमधलं एक सांगते. घड्याळं दोघांची सारखी सरकत नाहीत. एक पहाटे उत्साहात, दुसरा रात्री. तेव्हा दुपारचा तासभर वेगळं राहायला हरकत नाही: एकाने झोपावं, दुसऱ्याने कॉफीघरात बसावं. संध्याकाळी सहानंतर नवा बेत आखायचा नाही, जेवायचं कुठे तेसुद्धा दुपारीच ठरलेलं हवं. तिकिटं एकाकडेच. मेट्रोचं कागदी तिकीट निळ्या खोक्यात छापून घ्यावं लागतं, नाहीतर ते तिकीटच नाही आणि दंड शंभर युरोंच्या वर. “तुम्ही केलंत ना?” “मला वाटलं तू केलंस” हा संवाद भल्या माणसांत होतो, पण पुण्याच्या वेळेने रात्री दहाला झाला तर फार लांबतो.

शनिवारी रात्री पोचू नका. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-फळं मोठ्या स्टेशनांवरच मिळतात.

ऑपेरा पहिल्या रात्री मुळीच नाही. अंधार, मऊ खुर्ची, मधुर सूर, आणि शरीराच्या मते मध्यरात्र. चौथ्या दिवशी जा आणि स्टेट ऑपेराचं उभं राहायचं तिकीट काढा. ते अगदी स्वस्त असतं. जागा धरायला तिथल्या कठड्याला स्कार्फ बांधून बाहेर जायची रीत आहे, आपली ओढणीही चालते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला हंगाम बंद असतो.

परतताना घड्याळ पुढे ओढायचं, ते जास्त जड जातं. पुण्यात रात्री एकला तुम्ही टक्क जागे असाल. दुपारी झोपू नका आणि सकाळी उठून उन्हात फिरा, आता गॉगल नको. आणि मावशींना पहिले दोन दिवस नऊच्या आत बेल वाजवू नका असं निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.