घर किती मोठे हवे, याचा हिशेब वहीत कसा मांडावा

बेळगाव तालुक्यातील गावांत किंवा खानापूर, निपाणीच्या आसपास घर बांधायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो ‘किती स्क्वेअर फूट?’ असा, आणि त्याचे उत्तर बहुधा शेजारच्या घरावरून किंवा साईटच्या मापावरून दिले जाते. साईट ३० बाय ४० ची असेल तर तिच्यावर बसेल तेवढे बांधायचे आणि पैसे पुरले तर वर आणखी एक मजला चढवायचा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की घरात माणसे किती आणि ती दिवसभर कुठे बसतात, हे कोणी कागदावर मांडत नाही. घरांचे नकाशे काढण्याचे आणि कामावर उभे राहून ती बांधून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्याच घरांत पाच-सात वर्षांनी चहाला गेलो, की वरच्या खोल्यांना कुलूप आणि खाली हॉलमध्ये सोफ्यामागे भाताची पोती, हे मला पुन्हा पुन्हा दिसते. अठराशे फुटांच्या घरात सुगीच्या पोत्यांसाठी जागा कोणी धरलेलीच नसते. म्हणून नकाशा काढायला देण्यापूर्वी महिनाभर पुढील हिशेब घरच्या घरी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात एका साध्या वहीने करावी. घरातील प्रत्येकाचे नाव, आजचे वय आणि दहा वर्षांनंतरचे वय एकाच ओळीत लिहावे आणि पुढे तो माणूस वर्षातील किती दिवस या घरात झोपतो, तो आकडा लिहावा. हा आकडा सगळ्यात जास्त बोलतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गणपतीत आणि दिवाळीत मिळून वर्षातून पंधरा-वीस दिवस येत असेल, तर उरलेले साडेअकरा महिने त्याच्या नावाची खोली झाडायची कोणी, याचा विचार आईवडिलांनी आताच केलेला बरा. उलट आज अडुसष्ट वर्षांची असलेली आज्जी दहा वर्षांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होणार आहे, आणि तेव्हा तिला जिना चढवणार नाही. तिची खोली, न्हाणी आणि संडास एकाच पातळीवर, तळमजल्यावर लागतील आणि दारे तीन फुटांहून अरुंद चालणार नाहीत.

दुसरे काम आठवड्याचे आहे. सध्या राहत असलेल्या घरातच सात दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणत्या वेळी कोण कोणत्या खोलीत आहे, हे वहीत टिपावे. शक्य असेल तर हा आठवडा पावसाळ्यातील निवडावा, कारण आपल्याकडे घराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये होते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, जळण कोरडे ठेवावे लागते, छत्र्या, गमबूट आणि चिखलाचे पाय यांना दाराशी जागा लागते. उन्हाळ्यात अंगणात होणारी कामे तेव्हा आत येतात. टिपण पूर्ण झाले की बहुतेक घरांत एकच चित्र दिसते: स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली बसायची जागा पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत भरलेली असते आणि पाहुण्यांसाठी सजवलेला हॉल दिवसातून फार तर दोन तास वापरला जातो. तरीही नकाशात हॉल मोठा आणि स्वयंपाकघर कोपऱ्यात काढले जाते, कारण नकाशाच्या चर्चेला बाहेरच्या खोलीत पुरुष बसलेले असतात आणि बाई आत चहा करत असते. तिला वहीसह समोर बसवल्याशिवाय हा हिशेब मांडू नये, असे मी आता आग्रहाने सांगतो.

यानंतर टेप हातात घ्यावा. खोली लहान आहे असे वाटणे आणि ती खरोखर लहान असणे यांत पुष्कळ फरक असतो. पाच बाय साडेसहा फुटांचा पलंग, दोन फूट खोल कपाट, पलंगाभोवती चालायला दोन-दोन फूट, एवढे धरले तरी जोडप्याची झोपायची खोली दहा बाय बारात व्यवस्थित बसते. पंगतीला बसलेल्या माणसाला दोन फूट रुंदी लागते, म्हणजे समोरासमोर पाच-पाच जण बसवायचे तर लांबी दहा फूटच हवी. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या मुख्य खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि स्वयंपाकघरासाठी किमान ५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत तर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे घर धरले जाते. एवढ्यात सुखाने राहता येते असे माझे म्हणणे नाही. मात्र खालची मर्यादा माहीत असली, की आपण तिच्या किती वर आहोत ते कळते.

आता वस्तूंची मोजणी करावी, आणि इथे घाई करू नये. माणसांना जागा देताना आपण उदार असतो, वस्तूंना मात्र विसरतो. शेत असलेल्या घराने वर्षाला किती पोती भात घरी ठेवतो ते लिहावे. आडवे पोते साधारण दोन बाय तीन फूट जागा घेते. एकावर एक पाच अशी वीस पोती रचली, तर चार थप्प्यांना चोवीस चौरस फूट लागतात, शिवाय पोते उचलून बाहेर काढायला समोर तीन फुटांची वाट लागते आणि ओल चढू नये म्हणून खाली फळ्या घालाव्या लागतात. म्हणजे सात बाय आठची एक कोरडी खोली लागते. शहापूर, वडगावात ज्यांच्या घरात माग आहे, त्यांनी माग, त्याच्याभोवती वावरण्याची जागा आणि सुताचे गठ्ठे हा हिशेब आधी मांडावा आणि घर त्याच्याभोवती बसवावे. दुचाकी, गॅसची दोन सिलिंडरे, मोठी पातेली, गौरी-गणपतीची आरास, अंथरुणांची चळत, मुलांच्या सायकली यांची नावे एकेक करून लिहावीत. तीन वर्षांत ज्या वस्तूला हात लागलेला नाही, तिच्यापुढे खूण करावी. तिच्यासाठी भिंत उभी करणे परवडणारे नाही.

मग बेरीज करावी. उचगावच्या बाजूच्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. आज्जी, नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहावीतील मुलगा अशी पाच माणसे, थोडे शेत, आणि हातात दुमजली, अठराशे चौरस फुटांचा नकाशा. आम्ही वही उघडून पुन्हा मांडले. बाहेरचा सोपा ११ बाय १४, म्हणजे १५४ चौरस फूट, बसून जेवता येईल असे स्वयंपाकघर १० बाय ११, म्हणजे ११०, जोडप्याची खोली १० बाय १२, म्हणजे १२०, आज्जी आणि मुलगी यांची खोली ११०, मुलाच्या अभ्यासाची आणि झोपण्याची खोली ८ बाय १०, म्हणजे ८०, धान्याची खोली ५६, न्हाणी आणि स्वतंत्र संडास मिळून ५५, देवघर १२. एकूण ६९७. भिंती आणि ये-जा करण्याची वाट यांसाठी चौथा हिस्सा मिळवला, की सुमारे ८७०. पुढे पाच फुटांची पडवी आणि मागे धुण्याभांड्यांची, कपडे वाळत घालण्याची आच्छादित जागा यांचे १३० धरून घर हजारात आले. चिऱ्याची भिंत जाड असते, त्यामुळे ती वापरायची असल्यास भिंतींचा हिस्सा थोडा वाढवावा. पडवी मात्र कधीही कापू नये. जुन्या कौलारू घरांत सोपा आणि पडवी यांनी जेवढा संसार पेलला, तेवढा स्लॅबच्या दोन खोल्या पेलत नाहीत, आणि पडवीवर खर्चही बंद खोलीच्या मानाने कमी येतो.

टिळकवाडी किंवा अनगोळमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांनी हीच बेरीज कार्पेट एरियाशी ताडून पाहावी. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंती मोजल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची मोजली जात नाही. जाहिरातीतील सुपर बिल्ट-अपच्या आकड्यात जिना आणि लिफ्टचा वाटाही असतो आणि त्यात पलंग मांडता येत नाही.

हिशेब इथवर आला की घरात कोणीतरी म्हणतेच, “आणि यात्रेला पाहुणे आले तर?” ही शंका खरी आहे. गावची लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी येते, तेव्हा कोल्हापूर, चंदगड, गोव्याकडचे सारे सोयरे येतात, घराघरांत पन्नास-पन्नास माणसे जेवतात आणि त्यांना परत पाठवणे हा आपला धर्म नाही. परंतु त्या दिवसांत दारात मांडव असतो, चुलत्यांची घरे असतात, आणि माणसे दाटीवाटीने निजण्यातच यात्रेचा आनंद मानतात. त्या चार-पाच दिवसांसाठी सोप्यातील सामान हलवता येईल, भिंतीला लागून अंथरुणे पसरता येतील आणि दुसरा संडास जवळ असेल, एवढी काळजी घ्यावी. वर्षातून दहा-बारा वेळा येणारी माहेरवाशीण आणि तिची मुले यांचा विचार मात्र वेगळा करावा; मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत एक खाट जास्त बसते का, ते पाहावे.

पुढे घर वाढेल, ही शक्यता उरतेच. तिच्यासाठी आज खोल्या बांधण्याऐवजी पाया आणि कॉलम वरचा मजला पेलतील असे अभियंत्याकडून काढून घ्यावेत आणि जिन्याची जागा बाहेरच्या बाजूने राखावी, म्हणजे मुलाचे लग्न झाल्यावर वरचे बिऱ्हाड स्वतंत्र करता येईल. हद्दीपासून किती जागा सोडायची, हे ग्रामपंचायतीत किंवा शहरात असल्यास महापालिकेत विचारून वहीत लिहावे.

सगळ्यात शेवटी चुना घेऊन साईटवर जावे. ठरलेली मापे जमिनीवर खऱ्या आकाराने आखावीत, दारांच्या जागा मोकळ्या सोडाव्यात आणि घरातील सर्वांनी त्या रेघांमध्ये तासभर वावरावे. उचगावच्या त्या कुटुंबाने घरातली खाट टेम्पोत घालून आणली होती. आज्जी तिच्या आखलेल्या खोलीत खाटेवर बसली, मग उठून काठी टेकत न्हाणीच्या रेघेपर्यंत चालत गेली आणि परत आली. पावले तिने मोजली, तेरा झाली. “रात्रीचं एवढं चालवंना मला,” ती म्हणाली. आम्ही धान्याची खोली आणि तिची खोली यांची अदलाबदल केली, चुना पायाने पुसून नव्या रेघा ओढल्या आणि तिला पुन्हा चालायला सांगितले. या वेळी पाच पावले झाली.