कढई पेटली तर पाणी ओतू नका, आणि आणखी काही चुका

परळच्या चाळीत माझा जन्म गेला. घरात लागलेल्या छोट्या आगी मी पाच-सहा तरी पाहिल्यात आणि दर वेळी त्याच चुका पाहून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पेटलेल्या तेलावर पाणी ओतणं. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या चार दिवस आधी शेजारच्या काकू चकल्या तळत होत्या. फोन आला म्हणून गॅलरीत गेल्या, गॅस मोठाच राहिला. आरडाओरडा ऐकून मी दारात पोहोचलो, तेव्हा कढईवर वीतभर जाळ होता. तेवढ्यात त्यांच्या मुलाने माठातलं तांब्याभर पाणी ओतलं. फट्‌कन आवाज झाला आणि आगीचा लोळ थेट माळ्याला भिडला. फळीवरचे प्लॅस्टिकचे डबे वाकडे झाले, पोराचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

असं का होतं ते समजून घ्या. पेटलेलं तेल तीनशे अंशांच्या वर तापलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा घेते आणि वर येताना जळतं तेल उडवते.

मी आधी गॅस बंद केला. मग ओट्यावरची परात ढालीसारखी समोर धरून कढईवर सरकवली. जाळ लगेच दबला. पाच मिनिटांनी काकूंनी ‘विझलं का बघू’ म्हणून परात उचलली आणि तेल पुन्हा भडकलं! तेल तेवढंच तापलेलं होतं, हवा मिळायचा अवकाश. परात परत ठेवली आणि तासभर कोणाला हात लावू दिला नाही. हा उतावळेपणा मला अजिबात खपत नाही. झाकलंय ना, मग कढई पूर्ण गार होईपर्यंत राहू द्या. पेटलेली कढई उचलून मोरीत न्यायला तर कधीच जाऊ नका.

माझ्या घरी नियम आहे: तळण काढायच्या आधी कढईवर पुरून उरेल अशी परात ओट्यावर आलीच पाहिजे. नवीन सून आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला हे सांगितलं.

त्या पोराच्या हाताला कोणीतरी टूथपेस्ट फासायला निघालं होतं. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काहीही नको. हात वीस मिनिटं नळाच्या धारेखाली धरा, सूज यायच्या आत अंगठी आणि घड्याळ काढा, मग डॉक्टर.

मिक्सर किंवा फ्रिजमधून धूर आला तर आधी मेन स्विच पाडा.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण किंवा एक्झॉस्ट फॅन लावू नका, चालू असेल तर बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, वर चढतो. दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. सिलिंडरसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालतो.

दुसरी चूक ‘आपणच विझवू’ म्हणत बसण्याची. परात, एक्स्टिंग्विशर, जे हाताशी असेल त्याने एकदाच प्रयत्न करा. घरगुती एक्स्टिंग्विशर दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो. पडदा किंवा माळा पेटला की माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि 101 लावा. पत्ता सांगताना नाका आणि मजला सांगा, एकाला नाक्यावर उभं करा. आमच्या गल्लीत एकदा आडव्या लावलेल्या स्कूटर हलवेपर्यंत बंब तोंडाशीच अडकला होता. आत एक आजी होत्या. सुखरूप निघाल्या, पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून गल्लीत कोणी आडवी गाडी लावली की मी भांडतो, आणि भांडत राहणार.

धुरातून निघताना उभ्याने पळू नका, वाकून किंवा रांगत जा. लिफ्ट नको.

आणि ग्रिलला कुलूप लावत असाल तर किल्ली कपाटात ठेवू नका. आमची दाराच्या चौकटीला, डाव्या हाताच्या खिळ्यावर असते. धाकट्या नातीचा हात पोहोचेना, म्हणून ती दहाची झाली तेव्हा खिळा वीतभर खाली ठोकला.