उटकटाऱ्याचे गोंडे सुकवून कसे ठेवावेत

पावसाळा सरल्यावर मुंबईहून माळशेज घाट चढून जुन्नरकडे जाताना उघड्या माळरानावर आणि शेताच्या बांधावर एक काटेरी झुडूप दिसते, ज्याच्या शेंड्यांवर निळसर पांढरे, चेंडूसारखे गोल गोंडे असतात. हा उटकटारा, सूर्यफुलाच्या कुळातला. आयुर्वेदात त्याचे मूळ औषधी मानले जाते. परंतु मूळ उपटले की झाड संपते आणि औषधाची मात्रा ठरवणे हे वैद्याचे काम आहे. त्यामुळे हौशी माणसाने गोंड्यांवरच समाधान मानावे, हे बरे.

प्रथम ओळख पक्की करावी. पिवळा धोत्राही अशाच पडीक जागी वाढतो आणि त्याचीही पाने काटेरी असतात. मात्र त्याचा देठ मोडला की पिवळा चीक येतो. त्याच्या विषारी बियांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत अनेकांना विषबाधा झाली होती. उटकटाऱ्याचे पान उलटून पाहिल्यास खालची बाजू पांढऱ्या लवीने झाकलेली दिसते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून किंवा अन्य संरक्षित जंगलातून काहीही तोडू नये. खाजगी जमिनीवर मालकाला विचारूनच हात लावावा.

खरे कौशल्य तोडणीची वेळ साधण्यात आहे. गोंडा हे एकच फूल नसून अनेक बारीक फुलांचा गोळा असतो आणि ती फुले वरून खाली उमलत जातात. गोंड्यावर रंग चढला आहे, पण फुले अजून मिटलेलीच आहेत, अशा वेळी तो कापावा. पूर्ण उमललेला गोंडा सुकताना हातात भुगा होऊन येतो. दव वाळल्यावर, जाड चामडी हातमोजे घालून, हातभर देठासह कापावे आणि निम्म्याहून अधिक गोंडे बियांसाठी व मधमाश्यांसाठी झाडावरच राहू द्यावेत. परतताना ते खोक्यात घालावेत. लोकलच्या गर्दीत उघडी जुडी नेणे म्हणजे भांडणाला आमंत्रण.

घरी पाने काढून चार-पाच देठांची जुडी रबरबँडने बांधावी, कारण देठ सुकून बारीक झाले की सुतळी सैल पडते. जुडी सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलटी टांगावी. देठ वाकण्याऐवजी कट्कन मोडला, की गोंडे तयार झाले असे समजावे. मुंबईची दमट हवा लक्षात घेता, मेअखेरीस ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत आणि बुरशी धरलेला गोंडा लगेच वेगळा काढावा.