गावच्या शाळेतल्या बाई गेल्या, आठवणींचा कार्यक्रम करायचाय? मग हे बघा

बाई रिटायर होऊन किती का वर्षं होईनात, गेल्याची बातमी ग्रुपवर आली की पहिल्या तासाभरात शंभर जण हात जोडलेले इमोजी टाकतात आणि कोणीतरी लिहितंच, "आपण काहीतरी केलं पाहिजे." ते काहीतरी नेमकं काय आणि कसं, ते लिहितोय. मालवण-कुडाळ पट्ट्यातल्या छोट्या मराठी शाळा डोळ्यासमोर ठेवूनच लिहितोय, पण बाकी कोकणात पण फार वेगळं नसेल.

पहिलं म्हणजे घरच्यांना विचारा. बारावं-तेरावं होऊ द्या, मग दोघांनीच जा, दहा जणांचा घोळका नको. बाईंना स्वतःला सत्कार-बित्कार आवडायचा का, तेही विचारून घ्या, कारण काही बाई हारतुऱ्याला वैतागायच्या हे सगळ्या गावाला माहीत असतं.

तारीख ठरवणं हेच खरं डोकं खाणारं काम आहे. चाकरमानी येणार गणपतीत नायतर मेमध्ये. गणपतीत संध्याकाळी घरोघरी भजनं आणि गौरी आल्या की बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून गौरी यायच्या आधीचा एखादा दिवस, सकाळी दहाला. मे बरा, शाळेला सुट्टी असल्यामुळे वर्ग मिळतो, पण बागायतदार मंडळी पेट्या भरण्यात असतात त्यामुळे आंबा आवरत आला की मगच, आणि वळीव यायच्या आत. बाईंचे विद्यार्थी बोटीवर खलाशी असतील तर ते मोकळे सापडतात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, तेव्हा मांडव घालायच्या भानगडीत पडू नका, सरळ देवळाच्या सभामंडपात करा. शाळेतच करायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला आधी लेखी अर्ज द्या. पट कमी होऊन शाळाच बंद झाली असेल तरी गावात जागा मिळते.

आता मुख्य काम, आठवणी गोळा करणं. नावं कशी काढायची? शाळेचं जनरल रजिस्टर असतं, मुख्याध्यापकांना विनंती करून वर्षवार नावं काढून घ्या आणि प्रत्येक बॅचचा एक माणूस धरा. जे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत, लग्न होऊन लांब गेलेल्या मुली, शाळा अर्धवट सुटलेले, त्यांना हाच माणूस फोन करेल. माझ्या मते यांच्याच आठवणी सगळ्यात भारी निघतात, कारण स्कॉलरशिपवाल्यांना बोलायची सवय असते, ह्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

"बाईंबद्दल दोन शब्द सांग" असं अजिबात विचारू नका, "थोर, मनमिळाऊ, शिस्तप्रिय" एवढंच मिळेल. विचारा की बाई कशावरून चिडायच्या, पावसात व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की काय करायच्या. मग कोणीतरी सांगतो की शाळा सुटली की बाई साकवाच्या अलीकडे छत्री धरून उभ्या, एकेकाचं नाव घेऊन पलीकडे सोडायच्या आणि शेवटचं पोर पलीकडच्या गडग्याच्या आड जाईपर्यंत हलायच्या नाहीत. हे पाहिजे आपल्याला. व्हॉइस नोट मागवा, लिहायला सांगितलं की माणसं निबंध लिहितात. आणि मालवणीत बोलला असेल तर तसंच ठेवा, "बाईंनी माका दोन येळा नापास केल्यानी, तिसऱ्या येळाक घराकडे येवन शिकवल्यानी" याचं शुद्ध मराठी केलंत की सगळी मजा गेली.

फोटो दमट हवेने काचेला चिकटलेले असतात, ते ओढून काढू नका, फाटतात. फ्रेमसकट खिडकीजवळ ठेवा, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, आणि मोबाईलने काढा. कोण कोण आहे ते गावातल्या जाणत्यांना दाखवून लगेच लिहून ठेवा.

पुस्तिका काढणार असाल तर मध्ये पिन मारायची असते म्हणून पानं ४ च्या पटीत, १६ किंवा २०. प्रूफ दोघांनी वाचा, बाईंच्या पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर वरून लाल पेन घेऊन येतील.

कार्यक्रम दोन तासांच्या वर नको. बोलणारे पाच-सहा, प्रत्येकी तीन मिनिटं, मधेमधे व्हॉइस नोट स्पीकरवर लावा. पुढारी आले तर स्वागत आहे, पुढच्या रांगेत बसवा, पण फ्लेक्सवर फोटो फक्त बाईंचा. यावरून गावात वाद होतो, तेव्हा फ्लेक्स छापायला टाकायच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवून टाका. नंतर आंबोळ्या नि काळ्या वाटाण्याचं सांबारं, बस.

पैशाचं म्हणाल तर शाळेत बाईंच्या नावाने दरवर्षीचं बक्षीस ठेवायची घाई करू नका. १ लाखाच्या एफडीवर ६ टक्के धरले तर वर्षाला ६ हजार येतात, पण ती कोणाच्या नावावर आणि दहा वर्षांनी कोण बघणार हे आधी ठरलं पाहिजे. ठरत नसेल तर एकदाच खर्च करा, पुस्तकं आणि लोखंडी कपाट, लाकडी नको, वाळवी लागते. बक्षीस ठेवलंच तर पहिल्या नंबराला देऊ नका, त्याला सगळेच देतात. लांबच्या वाडीवरून चालत येऊन ज्याची हजेरी चांगली, त्याला द्या.

हिशोब आठवड्याभरात ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोसकट. व्हॉइस नोट आणि फोटो दोन पेनड्राइव्हवर, एक बाईंच्या घरी, एक शाळेत.